चार बोटांचं अंतर

आज आपण जे सांगणार आहोत त्यावर जगात कुणाचा विश्वास बसणार नाही, हे वायरमामाने खुर्चीत बसता बसताच जाहीर केलं. सलूनवाल्याला त्यात नवीन काही वाटलं नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मामाने याच खुर्चीत बसून दोनदा वीज अंगावर झेलली होती आणि एकदा मांजराकडून रेडिओ दुरुस्त करून घेतला होता. सलूनवाल्याने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि सवयीप्रमाणे पंख्याचं बटण बंद केलं, म्हणजे कापलेले केस उडून गिऱ्हाइकाच्या तोंडात जात नाहीत. मामाच्या साठीतल्या पण अजून दाट असलेल्या केसांवर त्याने पाणी फवारलं आणि म्हणाला, “हं, सोड आता.”

मामाचं काम म्हणजे दुकानांतली कार्डाची मशीनं दुरुस्त करणं. कुणाच्या मशीनवर चहा सांडलेला, कुणाची बटणं दाबून दाबून मेलेली. त्याचं स्वतःचं दुकान एका इमारतीच्या तळमजल्यावर, आणि बरोब्बर त्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर मामाची मावशी. आठ महिन्यांपूर्वी तिच्या खुब्याचं हाड मोडलं, जुळलं ते वाकडं. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे म्हातारी वर गेली ती वरच राहिली. पण तिचं दुःख पायाचं नव्हतं. आयुष्यात तिने आपलं बिल दुसऱ्या कुणाला भरू दिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याचे पैसेसुद्धा तिनेच बटवा उघडून दिले होते. आता भाचा तिच्यासाठी भाजी आणायचा, औषधं आणायचा, पैसे द्यायचा, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. हल्ली तर जेवणही टाकायला लागली होती.

तेव्हा मामाने डोकं लढवलं. कार्ड मशीनच्या चार बोटं जवळ आलं की “टीं” होतं आणि पैसे जातात, पाच बोटांवर काही नाही. मामाने ते चार बोटांचं अंतर लांबवलं. साबणाच्या दोन रिकाम्या डब्या घेतल्या, आत तारा बसवल्या. एक मावशीच्या उशाशी ठेवली, दुसरी आपल्या खिशात. मामा बाजारात जाऊन खिशातली डबी दुकानदाराच्या मशीनला लावणार, त्याच क्षणी वर मावशी आपलं कार्ड उशाशीच्या डबीला टेकवणार, आणि मधला सगळा निरोप वाऱ्यावरून जाणार. मशीनला वाटतं कार्ड समोर आहे, कार्डाला वाटतं मशीन समोर आहे. दोघंही फसले, पण चोरी कसली? कार्ड मावशीचं, हात मावशीचा, पैसे मावशीचे.

पहिल्या दिवशी तिने अर्धा डझन केळी घेतली आणि फोनवरून केळीवाल्याला महागाईवरून असं झापलं, की त्याने एक केळं वर दिलं. त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

मग मामाने घोटाळा केला. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन तो खिशातली डबी लावून तपासायचा, हात मोकळे राहावेत म्हणून चिकटपट्टीने मागे डकवून. एका गडबडीच्या दिवशी ती कुठल्याशा मशीनच्या पाठीला तशीच राहिली आणि मशीन गिऱ्हाइकाकडे गेलं. मामा सगळ्या गिऱ्हाइकांकडे फिरून आला. डबी कुणाकडेच नव्हती.

नवी बनेपर्यंत खरेदी बंद, असं त्याने मावशीला सांगितलं. मावशीने चारच्या ठोक्याला, सवयीने, कार्ड टेकवलं. “टीं.”

मामा तेव्हा खाली होता. त्याच्या टेबलावर एक मेलेलं मशीन असतं, बॅटरी काढलेलं, कागदांवर वजन म्हणून ठेवलेलं. त्या मशीनने चारच्या ठोक्याला एक पावती बाहेर काढली. मामाने चष्मा लावून वाचली. बस. प्रवासी एक. जाऊन-येऊन.

दुसऱ्या दिवशी दुसरी. किनाऱ्यावरची खुर्ची, एक तास. तिसऱ्या दिवशी होडी आणि लिंबाचं सरबत.

“समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे,” सलूनवाला म्हणाला.

“म्हणूनच म्हटलं, विश्वास बसणार नाही,” मामा म्हणाला.

त्याने बँकेत फोन लावला होता. तिथल्या बाईंनी तपासून सांगितलं, की व्यवहारात काही खोट नाही, कार्ड त्या जागी प्रत्यक्ष हजर होतं. मामा वर गेला. मावशी गुणगुणत होती. तिचं नाक उन्हाने सोलवटलं होतं. चादरीत वाळू होती आणि खाटेखाली सपाता ओल्या. त्याने विचारलं, तर ती म्हणाली, “डबी मस्त चाललीय रे. उगाच पेचकस घेऊन मागे लागू नकोस.”

एके दिवशी मामा चार वाजता मुद्दाम तिच्या शेजारी बसला. तिने कार्ड टेकवलं, “टीं” झालं आणि तिचा डोळा लागला. कुठे गेली नाही, काही नाही. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. फक्त तिचे पांढरे केस उशीवरून उचलले गेले आणि वारा लागल्यासारखे मागे उडत राहिले. तासभर. मग खाली बसले. मावशीने डोळे उघडले आणि ताटं घे म्हणाली, सपाटून भूक लागलीय.

मामाला भीती वाटायला हवी होती. पण म्हातारीचे गाल वर आले होते, आणि दुपारच्या पावतीची तो स्वतःच वाट बघायला लागला होता. तळहाताएवढ्या खिडकीच्या दुकानात चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या होडीचीसुद्धा मजा वाटते. आणि प्रत्येक पावतीवर “जाऊन-येऊन” असायचंच. तेवढं वाचलं की त्याला घोर नसायचा.

परवाच्या पावतीवर ते नव्हतं.

बस. प्रवासी दोन. फक्त जाणं. आणि तारीख कालची, म्हणजे पावती निघाली तेव्हा उद्याची.

मामा तीन जिने एका दमात चढला. मावशी केस विंचरून बसली होती. तिने पलंगावर शेजारी जागा करून दिली.

“तू तरी त्या दुकानाबाहेर कधी पडलायस?” ती म्हणाली. “तुझं मीच भरलंय.”

“आणि परतीचं?”

“लागलं तर तिथं काढू.”

इथे मामा थांबला. कात्रीही थांबली.

“मग?” सलूनवाल्याने विचारलं.

मग काय, मामा म्हणाला, जायचं कुठलं? त्याने हातोडी आणली आणि डबीचा भुगा केला. मावशी तासभर रुसली, मग जेवली. काल चारला तो दुकानातच होता, पेचकस हातात धरून. आत्ता मावशी वर झोपलीय, गाढ. तो काही गेला नाही, गोष्ट संपली, कानामागचे जरा बारीक कर.

मामा आरशात हसत होता. खूप दिवसांनी सुट्टी मिळाल्यासारखा.

सलूनवाल्याने कंगवा लावला. फवारलेलं पाणी एव्हाना वाळलं होतं. त्याने मानेवरचे केस खाली विंचरले. ते उचलले गेले. पुन्हा विंचरले, तळव्याने दाबून धरले. तळवा काढताच सगळे केस मागे उडू लागले, एका दिशेने, न थांबता.

त्याने वर पाहिलं. पंख्याची पाती स्थिर होती.

दार लावलेलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर हलत नव्हतं. पांढऱ्या कापडावर पडलेला एक केससुद्धा हलत नव्हता.

सलूनवाल्याने कात्री खाली ठेवली.

“खोटं बोलतोयस मामा,” तो हळूच म्हणाला. “तू गेलायस.”