नत्थुजीचं चुंबक

नीलम सकाळच्या एसटीनं अकोल्याहून अकोटला निघाली तेव्हा तिच्या मनात भुताखेतांचा विचार नव्हता. मनात होता तो राग. आपण जीव ओतून केलेल्या वस्तूला कोणी डब्बा म्हटलं की येतो तो, आतल्या आत धुमसणारा. आदल्या दिवशी गयासुद्दीन शेठचा जिनिंगमधून फोन आला होता, "बेटा, तुहा डब्बा काढून घेऊन जा. मशीन चालूच देत नाही तो."

हा डब्बा म्हणजे नीलमनं दिवाळीपासून खपून तयार केलेलं पॅनल. रिले बनवणं, त्यांची जुळणी करणं हा तिचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत तिचं वर्कशॉप, आणि मागच्या खोलीत आई, तानुबाई, घरघंटीवर शेजारपाजाऱ्यांचं दळण दळायची. रिले म्हणजे काय हे नीलमनं आईला त्या घरघंटीवरच समजावून दिलं होतं. घंटीच्या दारात एक चुंबक असतं आणि चौकटीत काडीएवढी काचेची नळी. नळीत दोन बारीक लोखंडी पात्या, एकमेकींपासून जराशा लांब. तिला रीड स्विच म्हणतात. दार लागलं, चुंबक जवळ आलं, की पात्या चिकटतात, रिलेला करंट मिळतो आणि रिले मोटर चालू करतो. दार उघडलं की पात्या सुटल्या, मोटर बंद. तानुबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

"म्हंजे मानसाचा हात वाचते," ती म्हणाली होती. पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही हे इतक्या थोडक्यात जमलं नसतं.

जिनिंगमध्येही हेच. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींची रांग, प्रत्येक मशीनला दार, दारात चुंबक, चौकटीत रीड. कापूस अडकला की दार उघडायचं, मशीन थांबतं, बोळा ओढून काढायचा. पण तिथला जुना फिटर नत्थुजी याला बंद मशीन बघवत नसे. भुकेलं लेकरू रडताना आईचं होतं तसं त्याचं व्हायचं. त्यानं जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून चुंबकाचा एक तुकडा काढून शर्टाच्या खिशात ठेवला होता. दार उघडायचं आणि तो तुकडा चौकटीला चिकटवायचा. मशीनला वाटायचं दार लागलेलंच आहे. ते फिरत राहायचं, नत्थुजी फिरत्या रोलरमधून बोळा काढायचा, आणि कामाचा खोळंबा झाला नाही म्हणून सगळे खूश.

मनानं मात्र सोन्यासारखा माणूस. नीलमचे वडील गेल्यावर तिच्या भावाला, सुगतला, त्यानंच जिनिंगमध्ये लावून घेतलं, काम शिकवलं. रविवारी अकोल्याला आला की घरी चहाला यायचा. चहा होईपर्यंत बोटांनी टेबल वाजवत बसायचा, थांबून थांबून, आणि तानुबाई आतून ओरडायची, "आधण तं येऊ द्या भाऊ!"

दोन हंगामांमागे शेवटच्या मशीनमध्ये त्याची बाही अडकली. चुंबक चौकटीला होतं, त्यामुळे मशीन थांबलं नाही. दवाखान्यापर्यंतही तो पोचला नाही. नंतर लोकांनी ते चुंबक खूप शोधलं. चौकटीला नव्हतं, खिशात नव्हतं, खाली सांडलेल्या सरकीत नव्हतं. नेलं असेल कोणीतरी, असं म्हणून शोधायचं सोडून दिलं.

आता नत्थुजीच्या जागी सुगत काम करत होता. त्याच मशिनी, तीच दारं. नीलमला रात्री झोप लागायची नाही. म्हणून तिनं हे पॅनल केलं. त्यातल्या रीडला फक्त त्या दाराचंच चुंबक चालायचं. दुसरं कुठलंही जवळ आणलं की रिले उलट सुटायचा आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. शेठच्या हातापाया पडून तिनं ते शेवटच्या मशीनला लावलं होतं. चाललं तर सगळ्या मशिनींना लावू, असं शेठ म्हणाले होते. नाही चाललं तर जुनंच बरं, आणि मग सुगतचा हात हंगामभर त्या जुन्या दारांत.

शेठ माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी चहा पाजला, मग बोलले.

"दिवसातून चार खेपा बंद पडते, बेटा. दार लागलेलं असते, कोणी हात लावत नाही, तरी बंद. दुपारपर्यंत पाह्य तू. नाही जमलं तं सुगतले सांगतो, जुना स्विच लावून दे."

नीलमनं पॅनल उघडलं. एकेक तार, एकेक जोड तपासला. कुठेच काही चुकलेलं नव्हतं. मग उरलं एकच कारण. कोणीतरी खिशात चुंबक घेऊन या मशीनजवळ येत होतं. नत्थुजी गेला, पण त्याची युक्ती कोणीतरी चालवत होतं. तिनं सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले. लोक हसले, पण त्यांनी केले. कापूस घालणाऱ्या मैनाबाईनं कमरेची चंची सोडून तिच्यापुढे धरली. सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी.

"घे माय, झडती घे." मग इकडेतिकडे पाहून तिनं आवाज उतरवला. "तुही मशीन बंद पडते ते सारे सांगतात. जुन्या चालू होतात त्याचं काय?"

"म्हणजे?"

"दार उघडं असते, अन् रोलर एक गिरकी घेते. मंग थांबते. शेठले नको सांगू, काम बंद करतीन तं आमची मजुरी बुडन."

सुगत शेजारीच उभा होता. "स्विच जुने झाले, ताई," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

जेवणाचा भोंगा झाला. मार्चचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. तिथली सवय अशी की जेवायला जाताना कोणी बटण दाबत नाही, नुसतं दार उघडतात. दार उघडलं की मशीन थांबतं, मग बटणापर्यंत कोण जातं? खटाखट सगळी दारं उघडली, एकेक मशीन गप्प झालं आणि माणसं डबे घेऊन कडुनिंबाखाली गेली. म्हणजे मशिनी बंद नव्हत्या. नुसत्या थांबलेल्या होत्या. हे नीलमच्या मनात आलं.

जिनघरात ती एकटीच राहिली. हवेतले रुईचे कण हळूहळू खाली बसत होते. गरम तेलाचा, सरकीचा जड वास. तिनं पिशवीतून एक सुटा रीड काढला आणि दोन तारांनी मीटरला जोडला. पात्या चिकटल्या की मीटर वाजणार. कुठे भिंतीत, खांबात चुंबकत्व असेल तर सापडेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सगळ्या चौकटींवरून तिनं तो फिरवला. मीटर गप्प.

तहान लागली म्हणून ती दाराजवळच्या माठाकडे गेली. हातात मीटर तसाच. पेल्यासाठी हात पुढे केला आणि काचेच्या नळीत टिक् झालं. मीटर वाजला.

तिनं पाहिलं. माठ मातीचा, तिवई लाकडाची. जवळपास लोखंडाचा खिळासुद्धा नाही. तिनं हात मागे घेतला, आवाज थांबला. पुढे नेला... काहीच नाही. मग दोन पावलांवर, पुन्हा टिक्.

भीती लगेच वाटत नाही. शिकलेल्या माणसाला तर आधी कुतूहल वाटतं, आणि तिथेच तो फसतो. नीलमनं रीड खाली नेला, मीटर गप्प झाला. वर नेला, गप्प. मध्ये आणला की वाजायचा. एका ठरावीक उंचीवरच, आणि ती उंची जागा बदलत होती. रांगेच्या कडेनं, संथ चालीनं, पुढे पुढे जात होती. नीलम तिच्या मागे चालली. चार पावलं गेल्यावर तिला कळलं की ही उंची शर्टाच्या खिशाची आहे.

मग वास आला. बिडीचा, आणि चुना मळलेल्या तंबाखूचा.

पहिल्या मशीनपाशी ते थांबलं. उघड्या दारातून रोलरनं एक गिरकी घेतली आणि तो थांबला. मग दुसऱ्या मशीनपाशी. तिथेही एक गिरकी. कामाला लागण्याआधी फिटर फेरी मारतो, प्रत्येक मशीनला हात लावून बघतो, तसं. नीलमला ही फेरी माहीत होती. सुगतनं तिला कौतुकानं सांगितली होती, नत्थुजी काकाची फेरी.

तिनं रांगेच्या टोकाकडे पाहिलं. सुगत मागच्या दारानं लवकर परत आला होता. शेवटून दुसऱ्या मशीनच्या उघड्या दारात कोपरापर्यंत हात घालून तो अडकलेला बोळा ओढत होता. पाठ इकडे. ते मशीन जुनं.

मीटर वाजत होता. तिसरं मशीन. मग चौथ्याकडे... मेन स्विच पार मागे, माठाजवळच्या भिंतीवर राहिला होता. धावून उपयोग नव्हता. ओरडलं तर सुगत दचकून, हात आत ठेवूनच वळला असता.

"काका..."

मीटर वाजतच होता. सुगतच्या अलीकडच्याच मशीनपाशी.

"नत्थुजी काका... सुगतचा हात आत आहे..."

आवाज थांबला. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. पत्र्यावर कावळा चालल्याचं ऐकू येत होतं. मग सुगतनं बोळा ओढला, हात बाहेर काढला आणि वळला.

"कोणासंगं बोलून राहिली वं ताई?"

त्याच्या मागे, उघड्या दारात, रोलरनं एक गिरकी घेतली.

सुगत पांढराफटक पडला. नीलमनं धावत जाऊन मेन पाडला आणि तिथेच सरकीच्या पोत्यावर बसून ती रडली. पोटभर रडली.

शेठला तिनं भूत वगैरे काही सांगितलं नाही. मेन पुन्हा चढवला, दार उघडं ठेवून जुन्या चौकटीला एक चुंबक लावलं आणि मशीन फिरताना दाखवलं. शेठ फिरत्या रोलरकडे बघत राहिले. नत्थुजीला अशाच दारातून त्यांनीच काढलं होतं.

"साऱ्या मशीनले लाव तुहाच डब्बा," ते म्हणाले. "बंद पडते तं पडू दे."

संध्याकाळच्या एसटीआधी नीलम पुन्हा आत गेली. शेवटच्या मशीनपाशी उभी राहिली. दुपारची भीती उतरली होती, आता वाईट वाटत होतं. केवढ्या मायेचा माणूस, आणि अजून फेरी मारून राहिला, कोणी सांगितलंच नाही त्याला.

"काका, आता मशिनी थांबल्या तर थांबू द्या. सुगत पाहतो सगळं. तुम्ही नका काळजी करू." तिनं हात जोडले. मग निघताना वडीलधाऱ्यांना जे म्हणायचं असतं ते आपोआप तोंडातून आलं. तसं न म्हणता निघणं आपल्याकडे बरं दिसत नाही. "येते मी. या ना घरी, चहाला."

तंबाखूचा वास हळूहळू विरला.

पुढे सगळ्या मशिनींना पॅनल लागलं. एका दुपारी शेठचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "बेटा, कमाल केली तू. एकही मशीन एकदाही बंद नाही पडली. काय केलं तू?"

"काही नाही," नीलम म्हणाली, आणि खरंच सांगत होती. फोन ठेवून ती पुन्हा कामाला बसली. मनावरचं ओझं उतरलं होतं. मागच्या खोलीत घरघंटीची घरघर चालू होती, ज्वारीच्या पिठाचा वास येत होता.

"नीलम," आईनं हाक मारली, "घंटी तू दुरुस्त केली काय वं?"

"काहून?"

"दार उघडलं तरी बंद नाही पडून राहिली. बरं केलं बाप्पा. आत पीठ दाटलं की चालू घंटीत हातानं सारता येते."

खुर्ची मागे पडली. नीलम कशी धावली ते तिलाही आठवत नाही. भिंतीतला प्लग तिनं तारेसकट उपटला. घंटी घरघरत घरघरत थांबली. दार सताड उघडं होतं. तानुबाईचा हात आत होता, मनगटापर्यंत पिठानं पांढरा, धड.

"अशी काय करतं?" तानुबाई हात झटकत म्हणाली. "मीच सकाळी पुटपुटली, की ही घंटी घडीघडी थांबते, जीव नुसता वैतागून जाते. अन् पाह्य, झाली नीट."

घर शांत झालं होतं. त्या शांततेत पुढच्या खोलीतून आवाज आला. टेबलावर तो सुटा रीड पडला होता, मीटरला जोडलेला. मीटर वाजत होता. थांबत होता, पुन्हा वाजत होता.

तानुबाईनं कान दिला. तिच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी आठवल्याचं हसू आलं.

"नत्थुजीभाऊ असाच टेबल वाजवे," ती म्हणाली, "चहा होईपर्यंत."

आणि तिनं सवयीनं गॅसवर आधण ठेवलं. नीलमनं हातातला प्लग सोडला नाही.