एका ताटातले

काचेच्या नळीत थुंकायला सांगितलं आणि नेमकी ओवीच्या तोंडाला कोरड पडली.

"लिंबाचा विचार कर," शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाई, मनीषाताई, म्हणाल्या. "चिरलेलं लिंबू, त्यावर मीठ."

काम झालं. कराडच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईंना कोणत्या ग्रंथीला कुठून चिमटा काढायचा ते पाठ होतं. आतड्याचा नमुना ओवी सकाळीच देऊन आली होती. त्याविषयी दोघी बोलल्या नाहीत.

पुण्यातल्या परदेश-प्रवेश केंद्राची ही प्रयोगशाळा होती. ओवीचा नवरा शर्विल उत्तरेकडच्या थंड देशांनी मिळून केलेल्या उत्तर संघातल्या एका भरती-ऊर्जा केंद्रावर कामाला होता. लग्नानंतर दीड वर्ष तो घरी होता, मग गेला, त्याला तीन वर्षं झाली. संघाचा नियम कडक होता. कामाचा परवाना घेऊन आत गेलेला माणूस मध्येच बाहेर पडला, तर दार कायमचं बंद. म्हणजे तो येऊ शकत नव्हता. ओवीलाच जायचं होतं, आणि त्यासाठी ती त्याची खरी बायको आहे हे तिच्या शरीरानं सिद्ध करायचं होतं.

"पूर्वी लग्नाचे फोटो मागायचे, दोघांच्या नावावरचं खातं मागायचे," नमुना तपासणारे डॉ. मुळगुंद सांगत होते. "आता यंत्राला नुसतं सांगा, ते अख्खं लग्न करून देतं. वऱ्हाडासकट. कोपऱ्यात रुसून बसलेला काकासुद्धा असतो."

"आणि जंतू रुसत नाहीत," मनीषाताई म्हणाल्या.

"जंतू खोटं बोलत नाहीत. बघा, आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात साधारण त्याच जातींचे जंतू असतात. पण वाण वेगळे. भात सगळीकडे भातच, पण ह्या खाचरातलं बियाणं वेगळं, त्या खाचरातलं वेगळं, तसं. एका घरात राहणाऱ्यांचे वाण एकमेकांत जातात. एक पेला, एक टॉवेल, एक उशी. त्यांना आम्ही गृहजंतू म्हणतो. दोन माणसांत किती वाण सारखे, त्याचा शंभरपैकी जो आकडा येतो तो सहवासांक."

"आणि माणसं लांब गेली की?" ओवीनं विचारलं.

"ओसरतो. नवे वाण येतात, जुन्यांना हुसकावतात. तो कसा ओसरत जातो, ती ओसर-रेषा."

मनीषाताईंनी वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "आणि आईकडून आलेले? बाळाला जन्मताना पहिले जंतू आईचेच मिळतात."

"ते बहुतेक टिकतात, मॅडम. आधी येऊन बसलेल्याला उठवणं अवघड."

"म्हणजे शर्विलमध्ये माझे आहेत."

"भरपूर. तुमचा आणि त्याचा अंक ह्यांच्यापेक्षा जास्तच भरेल."

मनीषाताईंनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, तो काही फारसा जमला नाही.

शर्विलनं तिकडे दिलेल्या नमुन्याची माहिती येऊन पडलेलीच होती. दुपारी मोजमाप झाल्यावर पडद्यावर ओवी आणि शर्विलचा आकडा उमटला. एकतीस.

"पास व्हायला किती लागतात?" ओवीनं विचारलं.

"ते सांगायची मुभा नाही. सांगितलं की लोक तो आकडा गाठायला बघतात." डॉक्टरांनी नळी खणात ठेवली. "सहा महिन्यांनी दुसरा नमुना. मग निकाल."

परतीच्या बसमध्ये मनीषाताई साताऱ्यापर्यंत बोटांवर आकडे मोजत होत्या. मग म्हणाल्या, "एकतीस म्हणजे नापासच की गं. पस्तीस तरी लागत असतील."

तारळेकरांच्या घरात, म्हणजे ओवीच्या सासरी, उष्टं हा शब्द शिवीसारखा होता. त्यात देवधर्म नव्हता, जीवशास्त्र होतं. प्रत्येकाचा पेला वेगळ्या रंगाचा. पाणी प्यायचं ते मान मागे टाकून, वरून, ओठ न लावता. आमटी चाखायची तर पळीतून तळहातावर घ्यायची, पळी तोंडाला लावायची नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात ओवीनं चुकून सासूबाईंच्या हिरव्या पेल्यातून पाणी प्यायलं, तर त्यांनी काही न बोलता तो पेला उकळत्या पाण्यात टाकला होता. ओवीची आई ती दहावीत असतानाच गेलेली. उकळत्या पाण्यात गरगरणारा तो पेला बघून तिला वाटलं होतं, इथं जपून राहायला हवं.

पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायला एकच ताट मांडलेलं होतं.

"माझं ताट?"

"हेच. बस."

मनीषाताईंनी भाकरीचा घास मोडला, अर्धा तोंडात घातला, उरलेला अर्धा तिच्यापुढे धरला.

"शर्वूकडचे वाण मूळचे माझेच. आता शाखेतून माल येत नाहीये, तर मुख्य दुकानातून घ्यायचा."

"आई, तुम्हाला किळस येईल."

"येतेच आहे. जेव."

पहिले काही दिवस दोघींनाही घास गिळवत नव्हता. मनीषाताई डोळे मिटून तिचा उष्टा चहा पीत, औषध घ्यावं तशा. ओवीला हसू यायचं. मग कधीतरी ते औषध राहिलं नाही. पळी आता सरळ ओवीच्या तोंडाशी यायला लागली: "मीठ बघ." एक पेरू दोघी आळीपाळीनं चावून खायला लागल्या. एकीला सर्दी झाली की दुसरीला दोन दिवसांत व्हायची, आणि मनीषाताई शिंका देत म्हणायच्या, "पोचतंय, पोचतंय." ओवीला ताप आला तेव्हा त्यांनी मऊ भात कालवून स्वतःच्या हातानं भरवला. तेव्हा ओवीला रडू आलं. तापामुळे असेल म्हणून दोघींनी ते सोडून दिलं.

शर्विलला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यानं फोन आईकडे द्यायला सांगितला.

"आई, मी पाच वर्षांचा असताना तुझ्या कपातला एक घोट मागितला होता. तू मला जंतूंचा तक्ता दाखवलास."

"तुला कुठं व्हिसा हवा होता तेव्हा?"

तो हसला. मग ओवीला म्हणाला, "इकडे खोली बघून ठेवलीय. खिडकीतून समुद्र दिसतो. थंड आहे, पण दिसतो. लवकर ये गं."

दुसऱ्या नमुन्याचा आकडा आला अठ्ठावन्न.

मनीषाताईंनी ओवीचा हात टेबलाखाली घट्ट दाबला. डॉ. मुळगुंद मात्र आकड्याकडे बघतच नव्हते. ते पडद्यावरच्या रेघेकडे बघत होते. दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी, वर चढत गेलेली रेघ.

"वाढला," मनीषाताई म्हणाल्या.

"हो. वाढला." त्यांनी पडदा ह्या दोघींकडे वळवला. "मॅडम, लांब राहणाऱ्यांचा अंक वाढत नाही. आजवर एकाचाही वाढलेला नाही. वाढायचं कारण एकच असू शकतं, ते लांब नव्हते. संघाचं म्हणणं आहे की मधल्या काळात एक तर तुमचा मुलगा चोरून बाहेर येऊन गेला, नाहीतर ह्या चोरून आत जाऊन आल्या. आज सकाळीच त्याला कामावरून उठवून चौकशीला नेलंय."

मनीषाताई उभ्या राहिल्या.

"माझा नमुना घ्या," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. ताट, चहा, पेरू, मऊ भात. आवाज वर्गातलाच होता, फक्त प्रत्येक वाक्यागणिक तो बारीक होत गेला.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मोजमाप जिथं बनलं तिथं सून सासूजवळ राहत नाही," ते म्हणाले. "कुणाच्या डोक्यातच आलं नसणार."

मनीषाताईंच्या नमुन्याचं मोजमाप व्हायला दुपार गेली. दोघी बाहेरच्या बाकावर बसून होत्या. डबा आणला होता, उघडला नाही.

आत बोलावल्यावर डॉक्टर आधी म्हणाले, "शर्विल सुटला. त्याच्यावर काही ठपका नाही."

दोघींनी एकदमच श्वास सोडला.

"पण अर्ज नामंजूर झालाय. कारण वाचून दाखवतो. 'अर्जदार आणि मनीषा तारळेकर यांचा सहवासांक चौऱ्याऐंशी. अर्जदाराचं प्रत्यक्ष कुटुंब मायदेशीच असून ते एकसंध आहे. एकत्र नांदणारं कुटुंब तोडू नये, असं संघाचं धोरण आहे.'"

"मी सासू आहे तिची," मनीषाताई म्हणाल्या.

"यंत्राला सासू कळत नाही, मॅडम. घर कळतं."

"पण आधीच्या एकतीसवर तर नापासच झाली असती ना ती? म्हणून तर आम्ही..."

डॉक्टरांनी पडदा बंद केला. "निकाल लागलाय, आता सांगायला हरकत नाही. एकतीस भरपूर होते. बारा असते तरी चाललं असतं. आम्ही आकडा बघतच नाही, उतार बघतो. ओसरतोय म्हणजे दोघं खरंच लांब आहेत. ओसरूनही काही उरलंय म्हणजे दोघं खरंच एकत्र होते. पुढच्या वेळी पंचवीस-सव्वीस आला असता आणि ह्या आत्ता विमानात असत्या. तुम्ही काहीच करायला नको होतं."

मनीषाताईंनी उगाच पदर सारखा केला, मग पर्सची चेन लावली, ती लागलेलीच होती.

"आता उपाय?" ओवीनं विचारलं.

"पुन्हा अर्ज करता येतो. दीड-दोन वर्षं तुम्ही ह्यांच्यापासून वेगळं राहायचं. घर वेगळं, चूल वेगळी. भेटसुद्धा नको. तुमच्यातले ह्यांचे वाण गेले पाहिजेत. उतार दिसला की अर्ज घेतील."

"राहील ती वेगळी," मनीषाताई ओवीच्या आधी म्हणाल्या. "शर्वूला कळवते." आणि फोन घेऊन त्या बाहेर गेल्या.

दार लागलं. ओवी जागची उठली नाही.

"डॉक्टर, माझ्यातले आईंचे वाण आणि शर्विलचे वाण. तुम्हाला वेगळे ओळखू येतात?"

"नाही."

"का?"

"ते वेगळे नाहीतच. त्याला ते ह्यांच्याकडूनच मिळालेत. वाण एकच."

"म्हणजे आईंचे गेले की शर्विलचेही..."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

"पहिल्या एकतीसमध्येसुद्धा किती त्याचं उरलेलं होतं आणि किती ह्यांच्या घरात राहून आलेलं, आता सांगता येणार नाही," ते म्हणाले. "उतार बरोबर येईल तुमचा. अगदी नमुनेदार येईल."

"आणि शेवटी उरेल किती?"

"काहीतरी उरावं लागतं," ते म्हणाले. "शून्याला संघ कुटुंब म्हणत नाही."

काचेपलीकडे मनीषाताई फोनवर बोलत होत्या. त्या हातवारे करत होत्या, मध्येच मान हलवत होत्या. फोन संपवून त्यांनी आत बघितलं आणि ओवीला अंगठा दाखवला.

घरी आल्यावर त्यांनी थांबणं माहीतच नसल्यासारखं काम काढलं. पुण्यात नोकरदार बायकांच्या वसतिगृहात खोली ठरवली. ओवीची बॅग भरली आणि तिच्या कपड्यांत चुकून गेलेला स्वतःचा टॉवेल ओढून काढला. मग गॅसवर मोठं पातेलं चढवलं आणि त्यात ते ताट सोडलं, पळी सोडली, दोन्ही पेले सोडले.

"लोणचं देणार होते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पण माझ्या हातचं आहे. तिथंच विकत घे."

फोनवर शर्विल होता. "आईनं सांगितलं मला सगळं," तो म्हणाला. "बरं झालं मार्ग तरी निघाला. दीड वर्ष तर दीड वर्ष. जितक्या लवकर निघशील तितक्या लवकर येशील. ती खोली सोडत नाही मी."

"हो," ओवी म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. समुद्र दिसतो ना अजून?"

"दिसतो की."

स्वयंपाकघरात पाणी उकळत होतं. त्या वाफेत मनीषाताईंचा चेहरा लालसर झाला होता आणि फार दिवसांनी थोडा हलका दिसत होता. आपण बिघडवलं ते आपणच निस्तरतोय, एवढं त्यांना पुरलं होतं. ओवीनं तोंड उघडलं. ह्यांचे आणि शर्विलचे वाण एकच, हे आत्ता ह्यांना सांगितलं तर ह्यांच्याजवळ उरेल काय, असा विचार करून तिनं ते मिटलं. इथं राहिली तर तिचं कुटुंब इथलं. वेगळी राहायला गेली तर कुठलंच नाही.

"आई, पाणी द्या जरा."

मनीषाताईंनी चिमट्यानं उकळलेला पेला काढला, भरला, ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"वरून पी हं."

ओवीनं मान मागे टाकली. पाण्याची धार ओठांना न लागता थेट घशात उतरू लागली.

"शाबास," मनीषाताई म्हणाल्या. "अस्संच. माझं काही म्हणता काही राहता कामा नये तुझ्यात."

ओवीनं पेला आणखी उंच धरला.