सतरा नंबरची वही

मी चुकीच्या दारातून आत शिरले, एवढंच निमित्त.

ऑफिसचं समजून जे दार ढकललं, ते मशरूमच्या शेडचं निघालं. आत दमट गारवा, ओल्या भुशाचा वास आणि छतापर्यंत एकावर एक लावलेल्या फळ्या. माझा चष्मा क्षणात धुरकटला. काही दिसेना, तरी मी वेंधळ्यासारखी पुढेच जात राहिले.

"अहो, अहो, थांबा! चपला!"

मी जागच्या जागी थांबले.

"बाहेरच्या चपला इथे चालत नाहीत. आणि तुम्हाला दिसतंय तरी का काही?"

"नाही," मी कबूल केलं.

"मग चष्मा काढा आणि दोन मिनिटं उभ्या राहा. होते सवय."

चष्मा काढून पाहिलं. समोर निळा कोट घातलेला उंच माणूस होता. हातात काढणीची छोटी सुरी, आणि पापण्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी. तो हसत होता... मला हसत नसावा, असं मी स्वतःला समजावलं. माझं काम त्या भुकटीचंच होतं, आणि त्या दिवशी मी मात्र पापण्या बघत बसले. संशोधकाला शोभेलसं ते मुळीच नव्हतं.

मी विद्यापीठात शेतीवर राबणाऱ्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास करते. मशरूम फुललं की त्यातून बारीक भुकटी उडते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली, की काही जणांची फुप्फुसं हळूहळू आखडत जातात. किती जणांची आणि कितव्या वर्षापासून, हे मला शोधायचं होतं. शेडमधल्या चाळीस जणांना मी एकेक फुंकायचं मीटर दिलं आणि एकेक वही. कामाला लागण्याआधी फुंकायचं, काम संपल्यावर फुंकायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. वहीवर नाव नाही, फक्त नंबर. मालकाला एकही आकडा कळणार नाही, असा शब्द मी सगळ्यांना दिला होता. दर मंगळवारी मी वह्या बघायला जायचे. तिसऱ्या मंगळवारपर्यंत माझं नाव 'फुंका मॅडम' पडलेलं होतं.

त्या निळ्या कोटवाल्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण नव्या माणसाला काढणी तोच शिकवायचा. अकरा वर्षं तो त्याच शेडमध्ये होता. माझ्या यादीत तो सतरा नंबर.

"कसं फुंकू? दिवा विझवतात तसं?"

"दिवा नाही. रागावल्यासारखं. जोरात, एकदम."

"राग येत नाही हो मला. तुमच्याकडे बघून तर नाहीच."

"मग भिंतीकडे बघा," मी म्हटलं, आणि वहीत उगाच एक रेघ ओढली. त्या दिवशी तो आठवडाभराची रजा संपवून आलेला होता. काटा चारशे पन्नासवर गेला. ठीक होतं.

पुढचे मंगळवार लवकर लवकर यावेत, असं मला वाटू लागलं. पॅकिंगच्या टेबलावर त्याची थोरली बहीण बसायची. तिला मीही ताईच म्हणायचे. ती डबे भरता भरता माझ्याकडे तिरकं बघायची. "मॅडम, एकोणचाळीस वह्या तुम्ही अर्ध्या तासात बघता. चाळिसावीलाच तेवढा वेळ लागतो. अक्षर खराब आहे का आमच्या मास्तरचं?"

अक्षर सुरेख होतं. आकडेही सुरेख होते. चारशे साठ, चारशे सत्तर, चारशे साठ. बाकीच्यांचे आकडे काम संपल्यावर घसरायचे. याचे मात्र जिथल्या तिथे.

पाचव्या मंगळवारी त्याच्या मीटरचा काटा अडकला. दुरुस्तीला म्हणून मी ते घेऊन गेले आणि शुक्रवारी मुद्दाम परत द्यायला आले. मुद्दाम, हे ताईनं ओळखलं. मी फक्त मानेनं नाही म्हटलं.

सहाव्या मंगळवारी त्याची वही उघडली आणि मी दोन ओळींवर थांबले. बुधवार, चारशे सत्तर. गुरुवार, चारशे साठ. दोन्ही वेळांचे आकडे नीट लिहिलेले.

मी त्याला शेडमागच्या कट्ट्यावर बोलावलं.

"बुधवारी आणि गुरुवारी मीटर माझ्या टेबलावर होतं. तुम्ही फुंकलंत कशात?"

तो वहीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अंदाजानं लिहिलं."

"अंदाजानं? छाती अंदाजानं मोजतात? आणि आधीचं?"

मी मीटर त्याच्या हातात दिलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून फुंकलं. दोनशे ऐंशी. पुन्हा फुंकायला लावलं. दोनशे सत्तर. तिसऱ्यांदा त्याला खोकला आला, तो थांबेचना. मी पाण्याचा पेला धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. अडीच वर्षं मी असले आकडे तक्त्यात भरत आले होते. एकाही आकड्यानं मला असं रडवलं नव्हतं.

"का केलंत असं?" मी विचारलं.

"खरं लिहिलं असतं तर तुम्ही मला डॉक्टरकडे पाठवलं असतं. डॉक्टरनं माझं शेड बंद केलं असतं." तो दम घ्यायला थांबला. "मग मंगळवारी... तुम्ही आला असता, आणि मी इथे नसतो."

कुणी मला याहून गोड काही बोललेलं नव्हतं, आणि याहून भयंकरही. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. मी दोन्हीतलं काही केलं नाही. डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. त्यानं ती न वाचता खिशात घातली, आणि मला कळलं, हा जाणार नाही.

निघताना ताईनं मला फाटकाशी गाठलं. आज तिच्या तोंडी थट्टा नव्हती. "अंगण झाडताना मधे दोनदा टेकतो तो, मॅडम. मला शपथ घातलीय, म्हणून बोलले नाही. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

ऐकलं असतं कदाचित. पण काय सांगणार होते मी? मालकाला कळवायचं नाही, हा माझाच शब्द. त्याच्यावर बळजबरी करायची नाही, हा संशोधनाचा नियम. आणि 'माझ्यासाठी शेड सोडा' म्हणणं मला जमेना. आजारी माणसाला प्रेमाची अट घालून उपचाराला धाडायचं? मग प्रेमाला काय अर्थ उरला?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरांसमोर उभी राहिले. "सतरा नंबरच्या आकड्यांना मी हात लावणं बरोबर नाही, सर. त्याच्या बाबतीत मी तटस्थ राहिलेली नाही." सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग म्हणाले, "शेडचं काम दुसरं कुणीतरी बघेल. तुझ्या प्रबंधातलं एक प्रकरण जाईल, माहीत आहे ना?"

माहीत होतं. तो शेडमध्ये थांबला होता तो मंगळवारसाठी. मंगळवारच उरला नाही, तर थांबायला कारण उरणार नव्हतं. एवढा साधा हिशेब होता माझा, आणि तो चुकला तर मी त्याला गमावणार होते. तो मला विसरला तरी चालेल, पण त्याचा श्वास चालू राहू दे, असं मी मनाशी म्हटलं. म्हणायला सोपं होतं.

सातव्या मंगळवारी मी शेवटची गेले, वह्या माझ्या जागी येणाऱ्या नव्या मुलीच्या हवाली करायला.

"पुढच्या वेळेपासून मी येणार नाही," मी त्याला सांगितलं.

त्याच्या हातातली सुरी थांबली. "रागावलात?"

"हो."

"किती?"

"दोनशे ऐंशी."

तो हसला नाही. मीही हसले नाही. फाटकापर्यंतचं अंतर त्या दिवशी संपता संपत नव्हतं.

मग पाच आठवडे गेले. मंगळवार आला की मी कपाटं आवरायचे, जुने कागद फाडायचे, कुणाशी धड बोलायचे नाही. नव्या मुलीला मी काही विचारत नव्हते, तीही काही सांगत नव्हती. तो नियम मीच तिला शिकवला होता. सहाव्या आठवड्यात ताईचा फोन आला. "गेला हो डॉक्टरकडे! आपल्या पायानं गेला. शेड सुटलं त्याचं. आता उघड्यावरच्या रोपवाटिकेत लागलाय." पुढचं तिला बोलता येईना, आणि मला ऐकता येईना. आम्ही दोघी फोनवर नुसत्याच रडलो.

त्यानंतरच्या सोमवारी मी टेबलाशी बसले होते. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात पावलं वाजत होती. चार पायऱ्या, मग शांतता. पुन्हा चार पायऱ्या. तो थांबण्याचा आवाज मी ओळखला. धावत जिन्याशी गेले, खाली वाकून पाहिलं. कठड्याला धरून तो दुसऱ्या मजल्यावर उभा होता. त्यानं हात वर केला... येऊ नका, मी येतो.

मी थांबले. त्या मजल्याएवढं थांबणं मला आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं.

तो वर आला. दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. खोलीत काम करणाऱ्या माझ्या दोघा सहकाऱ्यांनी बाहेरची वाट धरली.

"मी... तुम्हाला..."

"बसा आधी."

"नाही... उभ्यानंच... सांगायचं..."

"तुम्ही नका बोलू. मी सांगते," मी म्हटलं. माझ्याकडे दम होता, आणि तो कुणीतरी वापरायलाच हवा होता. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. मंगळवारी येणं थांबवलं, तेही त्या प्रेमापोटीच. रोज वाटायचं, उठावं आणि जावं. नाही गेले. झालं, सांगून झालं."

त्यानं डोळे मिटले. मी खुर्ची सरकवली, तेव्हा कुठे तो बसला. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता. मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले आणि त्याचा हात हातात घेतला. नखांत आता काळी माती होती. हळूहळू त्याचा श्वास संथ झाला.

"डॉक्टर म्हणाले," तो एकेक शब्द सुटा करून बोलला, "जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. उरलंय ते जपलं तर टिकेल." मग माझ्याकडे सरळ पाहत त्यानं विचारलं, "उरलेल्यावर भागेल का तुमचं?"

"भागवू की," मी म्हटलं.