चाक धरणारी

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. पण ज्या हाताची ही गोष्ट आहे, तो हात मी लहानपणी धरलेला आहे.

आणि एक आधीच सांगतो. यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही, रात्रसुद्धा नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. सन चव्वेचाळीसचा पौष. जागा खालापूरजवळचं कुंभिवली, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेची भाताची गिरणी.

गिरणी आबाजीशेटची. तिथलं इंजिन माझे चुलत आजोबा येसाजी चालवायचे. तेव्हा ते तिशीच्या आतले होते, लग्न नुकतं झालेलं. म्हणून गोष्टीपुरतं त्यांना नुसतं येसाजी म्हणतो. आज असते तर माझा कान पिळला असता.

गिरणीत एका टोकाला तेलावरचं इंजिन होतं, दुसऱ्या टोकाला भात सडायचं, म्हणजे त्याचं तूस काढायचं यंत्र. दोघांच्या चाकांवरून चामड्याचा लांबलचक पट्टा फिरायचा. इंजिनाने पट्टा ओढायचा, पट्ट्याने यंत्र फिरवायचं.

त्या पौषात पट्टा किंचाळायला लागला.

साधी कुरकुर नव्हती. बाईमाणूस जिवाच्या आकांताने ओरडावं तसा आवाज यायचा. दारातल्या गाड्यांचे बैल दावी तोडायला बघायचे. गिऱ्हाईकं कर्जतच्या गिरणीकडे वळली. आबाजीशेट आधीच तोंडाचा फटकळ. त्याने येसाजीला बजावलं, आवाज बंद कर, नाहीतर आपली वाट धर. घरी म्हातारी आई अंबाबाई आणि नवी नवरी जयवंता. वाट धरून जाणार कुठे?

पट्टा किंचाळतो म्हणजे घसरतो, एवढं उघड होतं. का घसरतो, ते शोधायचं होतं. येसाजीने पकड बसावी म्हणून राळ लावली. थोडा वेळ पट्टा गप्प राहिला, मग पुन्हा तेच. चामडं सुकलं असेल म्हणून एरंडेल चोळलं. सांध्याची वादी उसवून पट्टा आखूड केला आणि ताणून शिवला. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, तेही दोरी धरून बघितलं. होती.

लढाईच्या दिवसांत नवा पट्टा म्हणजे दुर्मीळ चीज. आबाजीशेटने मुंबईत ओळखी काढून, शिव्या देत देत एक आणला. येसाजीने तो चढवला आणि इंजिन चालू केलं.

नवा कोरा पट्टा…

तसाच किंचाळला.

म्हणजे दोष पट्ट्यात नव्हताच. पलीकडचं चाकच फिरायला तयार नव्हतं. यंत्रात काही अडकलं असेल म्हणून येसाजीने पट्टा उतरवला आणि ते चाक हाताने फिरवून बघितलं. एका बोटाने फिरलं, इतकं हलकं.

आबाजीशेट जेवायला घरी गेला. मी येईपर्यंत झालं पाहिजे, असं दारातूनच म्हणाला. रस्ता सुनसान झाला होता.

येसाजीने पट्टा परत चढवला. इंजिन सावकाश सोडलं. या खेपेला पट्ट्याकडे न बघता तो पलीकडच्या चाकावर नजर ठेवून उभा राहिला.

इंजिनाचं चाक फिरत होतं. पट्टा धावत होता, किंचाळत होता. यंत्राचं चाक…

जागचं हलत नव्हतं.

आणि तरी खालच्या टोपलीत तांदूळ पडत होता.

त्याने मूठभर उचलून बघितला. गिरणीचा तांदूळ पांढराफटक निघतो. हा तांबूस होता, हाताने कांडल्यासारखा. येसाजीने घाईघाईने इंजिन बंद केलं. इंजिनाची धपधप थांबली, पट्टा थांबला.

धप…

धप…

यंत्राच्या मागून मुसळाचा आवाज येत होता.

येसाजी पळायला दाराकडे वळला. पण सवय वाईट असते. पट्टा घसरला की चाक तापतं, ते किती तापलंय हे बघायला त्याने हात लावलाच. चाक भाजत होतं. फक्त एका जागी, चार बोटांच्या रुंदीत…

ते गार होतं. विहिरीच्या पाण्यासारखं गार.

तेव्हा त्याला जना आठवली.

जना डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली. कुंभिवलीत घरोघरी भात कांडायची. मजुरी म्हणजे तुटक्या तांदळाच्या कण्या. काम संपलं की त्या पदरात घ्यायच्या आणि वाडीवर जायचं. गिरणी आली आणि तिचं काम गेलं. श्रावणात ती गिरणीत आली. निदान खाली सांडलेल्या कण्या तरी झाडून नेऊ द्या म्हणाली. आबाजीशेटने येसाजीला सांगितलं, काढ हिला बाहेर. तेव्हा जनाने बंद यंत्राचं हेच चाक धरलं होतं.

"ह्ये माजं काम खातंय, दादा. मी सोडायची नाय," ती म्हणाली होती.

येसाजीने तिचं एकेक बोट सोडवून तिला बाहेर काढलं होतं. भादव्यात ती उपाशीपोटी मेली.

येसाजी वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. त्याने सुपात कण्या भरल्या, यंत्रामागे ठेवल्या आणि हात जोडले.

"घे गं बाई. माज्याकडून घे. पन चाक सोड."

धप…

आणि थांबलं.

त्याने इंजिन चालू केलं. चाक गरगरा फिरलं. पट्ट्याचा हूं की चूं आवाज नाही. आबाजीशेट परत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगलं बोलला. येसाजीने हळूच यंत्रामागे डोकावून पाहिलं. सूप रिकामं होतं.

संध्याकाळी त्याने हे सगळं आईला सांगितलं. त्याला वाटलं, आई म्हणेल बरं केलंस. अंबाबाईचा चेहरा उतरला.

"अरं येसू, कण्या काम झाल्यावर देत्यात. आदी दिल्या, तर तिला वरसाच्या कामाला लावली असं हुतं."

"तिनं गिरणीत कांडलंच हुतं की, आये."

"त्ये आबाजीचं कांडप. कण्या तू दिल्यास. आता ती तुज्या घरला येनार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या पडवीत आवाज झाला. धप… धप… पडवीत कुणी नव्हतं. मुसळ भिंतीला टेकलेलं होतं. उखळातल्या मूठभर भाताचा मात्र तांबूस तांदूळ झाला होता.

अंबाबाईने सुनेला बजावलं, रोज दुपारच्या आधी उखळात भात घालायचं. नुसतं उखळ दिसलं तर ती काय कांडील, याचा नेम नाही. तिच्या कांडपाच्या कण्या मात्र कुणी बाहेर ठेवायच्या नाहीत. पुन्हा दिल्या तर पुन्हा एक वर्ष वाढेल, अशी अंबाबाईला धास्ती. घरात कुणाची शिजवून खायची छाती झाली नाही. त्या मडक्यात साठत राहिल्या.

आषाढ आला. कणगीतलं भात पेरणीला गेलं. अंबाबाई लेकीकडे भिवपुरीला गेली होती. जयवंताने कणगी झाडून पाहिली, दाणा नव्हता. शेजारून आणायचं तर लाज वाटली. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून ती उखळ पुसायला बसली.

येसाजी गिरणीत होता. पट्टा मुकाट फिरत होता. तेवढ्यात तीच किंचाळी आली… पौषात पट्ट्यातून यायची, तीच.

त्याने आधी पट्ट्याकडेच बघितलं. नंतर त्याला कळलं की आवाज घराकडून येतोय.

तो पोचला तेव्हा जयवंता उखळावर ओणवी पडलेली होती. उजवा हात आत होता. मुसळ भिंतीलाच टेकलेलं होतं, आणि त्याला रक्ताचा थेंबही नव्हता.

जयवंताआजी पुढे पुष्कळ जगली. आम्हा पोरांना ती डाव्या हाताने भरवायची. उजव्याची बोटं कांडलेल्या काड्यांसारखी झाली होती. मी तो हात धरून जत्रेला गेलोय. पौषात पट्ट्यातून ओरडत होतं ते कोण, हे येसाजीआजोबांना मरेपर्यंत उमगलं नाही. जना, की सहा महिने आधीच ही जयवंताआजी?

वर्ष सरलं तरी कांडप थांबलं नाही; ते उखळ आता कर्जतला माझ्याकडे आहे. टाकून द्यायची हिंमत घरात कुणाची नाही. मीही रोज दुपारच्या आधी त्यात मूठभर भात घालतो. बायको मला हसते. तिन्हीसांजेला उखळातला तांबूस तांदूळ तिला दाखवतो, तेव्हा हसत नाही.

शेत मागच्या वर्षी विकलं. भाताचं शेवटचं पोतं तळाला गेलंय. आणि बाजारात सगळीकडे गिरणीतून सडून आलेला तांदूळच मिळतो, तुसातलं भात नाही.

ऊन डोक्यावर आलंय. आज थोडं भात आहे, तेवढं घालून येतो.