सातव्या दरवाजाचे धोंडोपंत

प्रयोगशाळेच्या भिंतपडद्यावर धोंडोपंतांनी तिसऱ्यांदा कपाळाच्या मधोमध गोळी घातली, तेव्हा शलाका इंगवलेने हातातला नियंत्रक टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या सख्ख्या बापाला मनातल्या मनात एक शिवी हासडली. खेळातले तिचे तीन जीव संपले होते. आता पुन्हा पहिल्या दरवाजापासून सुरुवात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे एके काळी इंजिनांचे सुटे भाग ओतले जात, तिथे शलाकाचं खेळ-स्थलांतर केंद्र होतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे खेळ एका ठरावीक खेळयंत्रासाठी, म्हणजे तेव्हाच्या भाषेत कन्सोलसाठी, लिहिलेले असत. ती यंत्रं आता भंगारात गेली होती. त्यांवरचे खेळ आजच्या संगणकावर जिवंत करायचे, हे केंद्राचं काम. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, टेम्पोत सामान भरलं आणि नव्या घरी उतरवलं! प्रत्यक्षात ते जुनं झाड उपटून दुसरीकडे लावण्यासारखं असतं. मुळांना चिकटलेली माती सोबत आली नाही, तर झाड धरत नाही.

या वेळचा खेळ होता ‘तटबंदी’. गोळीबाराचा खेळ. खेळणाऱ्याने निरोप्या व्हायचं आणि नऊ दरवाजे ओलांडून किल्ल्यात शिरायचं. दरवाजांवर बंदूकधारी यांत्रिक पहारेकरी. पण पहारेकरी कसले? मोठा आव आणून गोळ्या झाडायचे आणि सगळ्या भिंतीला लागायच्या. खांबाआड लपायचे तेव्हा पार्श्वभाग बाहेर राहायचा. एकमेकांना बघून दचकायचे. तुमचा जीव अगदी कमी उरला की यांच्या कमरेची औषधाची पुडी नेमकी तुमच्यासमोर गळून पडायची. पोरांनी त्यांचं नाव धोंडोपंत ठेवलं होतं. चाळीस हजार घरांत हे धोंडोपंत नांदले, आणि गोळीबाराचा खेळ असूनही एकाही आईने त्याविरुद्ध ब्र काढल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

हा खेळ शलाकाच्या वडिलांनी, यशवंत इंगवल्यांनी, आपल्या ओतशाळेच्या माडीवर दोन मित्रांच्या मदतीने लिहिला होता. आयुष्यात तो एकच. नंतर ते पुन्हा लोखंडाकडे वळले. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आपल्या हातांनी त्यांचे धोंडोपंत पुन्हा चालते-बोलते करावेत आणि त्यांनी ते डोळ्यांनी बघावेत, एवढीच शलाकाची इच्छा होती. पन्नाशी उलटली तरी या बावळट पहारेकऱ्यांवर तिचा जीव होता, आणि हे कबूल करायला ती कधी लाजली नाही.

पण संगणकावर धोंडोपंत बिघडले होते. पहिली काही मिनिटं ते अगदी जुन्या स्वभावाचे, आणि मग अचानक अंगात आल्यासारखे. एकही गोळी फुकट नाही.

प्रकाशक कंपनीच्या सोनल वर्तक यांचा सकाळीच फोन आला होता. “शुक्रवारपर्यंत नाही जमलं, तर आपण आजचे तयार, स्वयंशिक्षित शत्रू बसवू. खेळाचं नाव राहील, तट राहील, दरवाजे राहतील.”

“आणि धोंडोपंत?”

“मॅडम, त्यांना निवृत्त करू.”

शलाकाचा सहकारी निहाल मुजावर हा कालमापनातला तज्ज्ञ. मिरजेचा. जेवणाचा डबा उघडतानाही तो घड्याळ बघत असे. त्याने पडद्यावर पुन्हा एकदा सगळी मांडणी उघडली.

“मुळापासून बघू,” तो म्हणाला. “त्या जुन्या यंत्रावर हे लोक सेकंद वापरतच नव्हते. चित्रं मोजायचे. सेकंदाला तीस चित्रं उमटणार हे ठरलेलं, त्यामुळे पहारेकऱ्याने दर चित्रामागे एक बोट सरकायचं, इतकंच लिहून ठेवायचे. आपला संगणक सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढतो. मग तोच पहारेकरी आठपट पळायला लागतो.”

“ते आपण कधीच दुरुस्त केलं.”

“केलं ना! चालणं, पळणं, गोळीचा वेग, दार उघडण्याचा वेग. सगळ्याला आठने भागून झालं. नियंत्रकावर अंगठ्याने नेम धरणाऱ्याला खेळ गुपचूप मदत करायचा, संगणकाचा माऊस आल्यावर ती काढली, तेही तपासलं. त्याचा यात संबंध नाही. मॅडम, यांचे पाय ठीक आहेत. यांची डोकी फिरलीत.”

“मूळ यंत्रावर फिरत नाहीत?”

“एकच चालू यंत्र उरलंय, आणि ते वीस मिनिटांत तव्यासारखं तापतं. तेवढ्या वेळात तरी सगळे संत.”

संध्याकाळी शलाका घरी आली तेव्हा आबा, म्हणजे वडील, झोपाळ्यावर बसून शेंगा फोडत होते. आई गेल्यापासून घरात दोघंच. आपण काय लिहिलं होतं याविषयी आबा कधी बोलत नसत. विचारलं की म्हणत, “तुला यंत्रातलं कळतंय न्हवं? मग बघ की तुझं तू.” शलाकाला वाटे, खेळाचं पुढे काही झालं नाही याचं त्यांना वाईट वाटत असावं. पण आज तिने हट्टाने विचारलं.

“आबा, तुमचे धोंडोपंत नेमबाज झालेत.”

शेंग फोडणारा हात थांबला. “किती वेळ बसली हुतीस?”

“सात-आठ मिनिटं.”

“सात मिन्टं?” आबांनी मान हलवली. “मग न्हाई. मग तसं हुयाला नगं. तुझंच कायतरी चुकतंय.” आणि ते पुन्हा शेंगांकडे वळले. खोदून खोदून विचारलं तरी त्यांनी पुढे दाद दिली नाही.

शलाका ताटावर बसली तरी तिच्या डोक्यात तेच. बिघाड झाला म्हटल्यावर ओतकाम करणारा माणूस आधी विचारेल, काय तुटलं? यांनी विचारलं, किती वेळ. म्हणजे त्यांना बिघाडाचं नवल नव्हतं. वेळेचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने निहालला सांगितलं, “हालचालीचे आकडे सोड. ज्याने काहीच हलत नाही असा एखादा आकडा शोध. नुसताच वाढत जाणारा.”

निहालने जुन्या यंत्रभाषेचा अर्थ लावणारी वाचकप्रणाली कामाला लावली. दुपारच्या आत एक सापडला. प्रत्येक चित्रामागे तो एकाने वाढत होता. त्याने कोणाचे पाय हलत नव्हते, दार उघडत नव्हतं, म्हणून दुरुस्तीच्या वेळी त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. एका ठरावीक संख्येशी पोचला की मात्र तो प्रत्येक पहारेकऱ्याची चूक शून्यावर आणत होता.

“एक लाख आठ हजार,” निहाल म्हणाला. “हजार जपमाळा. तुमच्या आबांनी नवस बोलला होता काय?”

शलाकाने कागद ओढला. “तीसने भाग.”

“छत्तीसशे.” निहालने आकडा पुन्हा वाचला. “सेकंद. म्हणजे एक तास! आणि आपल्याकडे चित्रं आठपट वेगाने उमटतात, म्हणून तोच तास...” त्याने घड्याळाकडे बघितलं, कारण सवय. “साडेसात मिनिटांत भरतो. मॅडम, साडेसात मिनिटांत साडेसाती!”

त्यांनी लगेच खेळून बघितलं. साडेसात मिनिटं झाली आणि धोंडोपंतांच्या अंगात आलं. एका सेकंदाचाही फरक नाही. निहालने टाळी दिली. शलाकाने ती घेतली खरी, पण तिचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे ही आपली चूक नाहीच,” निहाल म्हणत होता. “धोंडोपंतांना वाटतंय, माणूस तासभर बसलाय. पण तासाभराने शत्रू एकदम अजिंक्य करायचे, हा कसला खेळ? खेळणारा वैतागेल, बंद करून उठून जाईल. असं कोण लिहील?”

शलाकाला एकदम आपली शाळेतली वर्षं आठवली.

नऊ-दहा वर्षांची असताना शाळेतून आली की ती दप्तर टाकून खेळयंत्र लावायची. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका, दुपारपाळी. आबा ओतशाळेत, भट्टी पेटलेली असली की रात्रीशिवाय परत नाहीत. ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं असे, आणि ते बऱ्याचदा तसंच झाकलेलं राही. काडीसारखी पोर होती ती. फोन वाजला तरी उचलत नसे, कारण उचलायला हात मोकळा हवा. मग ‘तटबंदी’ हा नवा खेळ घरी आला. रोज ती सहा दरवाजे रुबाबात ओलांडायची आणि सातव्याला धोंडोपंत तिला लोळवायचे. रोज. ती नियंत्रक आपटायची, थोडी रडायची, परत पहिल्यापासून खेळायचा उत्साह उरलेला नसे, आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून ओट्याशी जाऊन ताटावरचं झाकण काढायची. आपल्याला नेम नाही, अशी तिची तेव्हापासून खात्री झाली होती.

ती हरत नव्हती. तिला जेवायला उठवत होते.

“माझ्यासाठी लिहिलंय ते,” ती निहालला म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. डोळे पुसायचे राहिले होते, ते निहालने कागदी रुमाल पुढे केल्यावर तिच्या लक्षात आलं.

निहाल हसायलाच लागला. “आणि तो आकडा तसाच चाळीस हजार घरांत गेला! संध्याकाळी तासभर झाला की महाराष्ट्रातली निम्मी पोरं चिडून पानावर. उगाच नाही मॅडम, आयांनी तक्रार केली नाही.”

सोनल वर्तक यांना फोन लावला तेव्हा शलाकाने वाद घालायची मनोमन तयारी केली होती. अपेक्षेप्रमाणे बाई म्हणाल्या, “सापडलं ना? मग काढून टाका ते. खेळणारा जितका वेळ बसेल तितकं आमचं भलं. एका तासाने माणूस उठवणारा खेळ आम्ही कशाला विकू?”

“करारात लिहिलंय, मूळ खेळ जसा होता तसा. हे मूळ खेळात आहे.”

“काय आहे ते नीट सांगा तरी.”

शलाकाने सांगितलं. ताट, झाकण, सातवा दरवाजा. पलीकडे वर्तकबाईंच्या घरातून धडाधड गोळीबाराचा आवाज येत होता, आणि मग बाईंनी फोन बाजूला धरून मारलेली हाक ऐकू आली, “आरुष, तिसऱ्यांदा सांगतेय, वरण गार झालं!” गोळीबार चालूच राहिला.

बाई पुन्हा फोनवर आल्या. आवाज बदलला होता. “इंगवले मॅडम, एक विचारू? ते एका तासाऐवजी पाऊण तासावर आणता येईल का?”

तास तासच राहिला. फक्त आजच्या प्रत्येक संगणकाचा वेग निराळा असतो, म्हणून निहालने चित्रांची मोजणी काढली आणि धोंडोपंतांना खऱ्या घड्याळाशी जोडून दिलं.

रविवारी संध्याकाळी शलाकाने तयार खेळ घरी लावला आणि नियंत्रक आबांच्या हातात दिला. त्यांच्याशेजारी झोपाळ्यावर बसून ती हळूच म्हणाली, “एक लाख आठ हजार.”

आबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “घावलं व्हय?”

“मला का सांगितलं नाहीत इतकी वर्षं?”

“काय सांगायचं? सांगितलं असतं तर तू जेवली असतीस व्हय?” आबा पुटपुटले. “आई तुझी पाळीला, मी भट्टीवर. तुला हाका मारायला घरात माणूस न्हवता. फोन तू उचलायची न्हाईस. म्हटलं, हिच्याजवळ संध्याकाळभर कोण असतंय? ह्येच की पहारेकरी. मग त्येंनाच सांगून ठिवलं.” मग म्हणाले, “रडायचीस ते मातूर लई जिवाला लागायचं.”

शलाकाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. “बरं बरं, हात हलतोय माझा,” म्हणत आबांनी तिला बाजूला सारलं आणि खेळायला सुरुवात केली.

बोटं सुरकुतलेली, नेम कुठच्या कुठे. धोंडोपंत मात्र पाहुणा ओळखावा तसे वागले. एकाने सलामी दिल्यासारखी बंदूक उलटी धरली, दुसरा पायऱ्यांवरून गडगडला. पहिला दरवाजा, दुसरा, तिसरा. आबा खदखदून हसत होते, मांडीवर थाप मारत होते, मधेच “अरं लप की येड्या!” म्हणून शत्रूलाच सल्ला देत होते. पुड्या तर अशा गळत होत्या की काही विचारू नका. बघता बघता सहा दरवाजे झाले. शलाका उठली, भाकरी केल्या, आमटी गरम केली, दोन ताटं वाढली.

तास भरताच सातव्या दरवाजाशी ठण, ठण, ठण असे तीन आवाज झाले आणि निरोप्या तिन्ही वेळा आडवा झाला.

“ह्ये काय?” आबा ताडकन पुढे सरकले. “आत्ता बरे हुते की! तुझा मुजावर कुठंतरी चुकलाय. फोन लाव त्येला. असं न्हवतं मूळ खेळात.”

“आबा, ताट वाढलंय.”

“थांब गं. एकदाच. सातवा झाला की उठतो.”

“पहिल्यापासून खेळावं लागेल. भाकरी गार होईल.”

आबांनी पडद्याकडे बघितलं. पहिल्या दरवाजावर धोंडोपंत पुन्हा शांत उभे होते. आबांनी नियंत्रक झोपाळ्यावर आपटला.

“कुठल्या येड्यानं लिहिलंय ह्ये?” ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.