तनुजाचं जपानी

“अहो, कचऱ्याचा प्रकल्प कुठंशी आला?”

हडपसरच्या पुढे स्कूटर थांबवून तनुजानं विचारलं. गुलाबाची रोपं टेम्पोत चढवणाऱ्या तरुणानं मान वळवली. चेहऱ्यावर घट्ट बांधलेला स्कार्फ, त्यातून दिसणारे फक्त डोळे…

“स्कार्फ सोडा,” तो म्हणाला, “नाकच नेईल तुम्हाला तिथं.”

तनुजा हसली. ते त्याला डोळ्यांतच दिसलं असावं— कारण तोही हसला.

शनिवार पेठेतली तनुजा जपानी भाषेची दुभाषी होती. जपानमधल्या एका शहराच्या मदतीनं इथं ओल्या कचऱ्यापासून गॅस होणार होता. आज तिथले पाहुणे गावकऱ्यांना भेटणार होते. मंडपात गावातर्फे उभा राहिला तो सकाळचाच— इंद्रजीत, शेजारच्या नर्सरीचा मालक.

“वासापायी आमच्या पोरींची स्थळं परत जातात,” तो म्हणाला. “तुम्ही संध्याकाळी जाणार, वास हितंच राहणार. शेड बंदिस्त नसंल, तर यंत्र नको.”

तनुजानं जपानीत सांगितलं, “गावाला उत्सुकता आहे. वासाची थोडी काळजी वाटते.”

पाहुण्यांनी हसून माना लववल्या.

चहाच्या वेळी तो जवळ आला. “मॅडम, मी विनोद केला का?”

“नाही…”

“मग ते हसले का?”

“पाहुणे दुखावतील, असं वाटलं मला.”

“आणि आम्ही?” त्यानं अगदी हळू विचारलं.

त्याच्यामागे खताच्या ढिगांतून हिवाळ्याच्या उन्हात वाफा निघत होत्या. तनुजाला चहा गोड लागेना.

बैठक पुन्हा भरताच ती उठून पाहुण्यांच्या प्रमुखांना म्हणाली, “सातो-सान, मघाशी मी नीट सांगितलं नाही.” मग तिनं शब्द न् शब्द सांगितला. पाहुण्यांचं हसू मावळलं, तसे तिला या कामाला बोलावणारे प्रकल्पाचे साहेब डोळे वटारत राहिले. पुन्हा काम मिळणार नाही, हे तिला कळून चुकलं.

म्हातारे सातो उठून उभे राहिले.

“आमच्याकडेही आम्ही आधी गावाचं ऐकलं नव्हतं,” ते म्हणाले. “शेड आधी बंदिस्त होईल. आणि पुढेही दुभाषी याच हव्यात.”

तनुजानं हे मराठीत सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. पुढच्या रांगेतून इंद्रजीतची आत्या बायडाबाई ओरडली, “पोरीला जेवल्याबिगर सोडू नगा!”

मग तिच्या फेऱ्या वाढल्या. शेड उभी राहत गेली. कामापेक्षा नर्सरीत जास्त वेळ जाऊ लागला.

“जपानीत माझं नाव कसं म्हणतात?”

“इन्दोराजीत्तो.”

“एवढं लांब? हाक संपेस्तोवर मी निघून जाईन.”

“जाऊन तर बघा!”

चैत्रात यंत्र सुरू झालं. त्या संध्याकाळी वाऱ्यावर नुसता मोगऱ्याचा वास होता… तनुजा रोपांशी चाळा करत म्हणाली, “सातोंनी वर्षभरासाठी बोलावलंय. तिकडे.”

इंद्रजीतच्या हातातली झारी तशीच राहिली. पाणी एकाच कुंडीत पडत होतं.

“जा,” तो शेवटी म्हणाला. “अडवलं तर मी कसला… पण वर्षभर मी काय करू?”

“जपानी शिका.”

“शिकवणार कोण?”

“मी. फोनवर. पहिला शब्द आत्ताच घ्या— सुकी.”

“सुकी?” तो बावरला. “म्हणजे… ओला-सुका कचरा, त्यातलं?”

तनुजाला हसू आवरेना. मग ती एकदम थांबली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “म्हणजे… तुम्ही मला आवडता.”

कुंडी भरून वाहू लागली. कुणीच पाहिलं नाही.

“सुकी,” इंद्रजीत म्हणाला. मग आणखी जवळ येऊन, “सुकी.”

उच्चार अगदीच हडपसरी होता. तनुजानं तो सुधारला नाही.