अंधारात ठेवायची कुपी

समितीसमोर कुपीने दगा दिला. यंत्राच्या पडद्यावर एकही पेशी चमकली नाही.

"म्हणजे आधीचे आलेख बनावट," विभागप्रमुख कडाडले. "चार वाजता बैठक. ही मुलगी बाहेर."

चौकशीला आलेल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. असला घाईचा न्याय त्यांच्या डोक्यात जायचा.

संशोधक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. पाच वर्षांची मेहनत पणाला लागली होती. कुपीत होतं प्रतिपिंड, म्हणजे पेशीच्या अंगावरचा एकच ग्राही (बाहेरचे संदेश झेलणारा रेणू) ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन. त्याला चमकता रंग जोडलेला. ग्राही असेल तर पेशी चमकते, आणि तिच्या पेशी चमकल्या होत्या. तो ग्राही तिथे नसतोच, असं सांगून नाव कमावलेला ज्येष्ठ सहकारी, सगळ्यांचा दादा, शेजारीच बसला होता. तक्रारही त्याचीच.

"कुपीला हात कोण लावतं?" बाईंनी विचारलं.

"मी. पूर्वी दादाही लावायचे. त्यांनीच शिकवलं मला."

"महिनाभरात मी लावलेला नाही," दादा फटकन म्हणाला. "तुझं पाप माझ्या गळ्यात बांधू नकोस."

"किती वापरलंस?" बाईंनी मुलीला विचारलं.

"शंभर मायक्रोलिटर होतं. पाच-पाच करून आजचं धरून चारदा काढलं. वहीत आहे सगळं."

बाईंनी मोजलं. ऐंशी हवं होतं, पन्नासच भरलं.

मग त्यांनी फ्रिज उघडला. दादाच्या डब्यात बारा नळ्या होत्या. एकीवर फॉइल गुंडाळलेलं, वर लिहिलेलं: मिठाचं पाणी.

मग दोन तास त्या पेशी आणि यंत्र घेऊन बसल्या. तीन वाजता त्यांनी सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं.

"आजच्याच पेशींवर मी दुसरं चमकतं प्रतिपिंड घातलं, पहिल्याला चिकटणारं. पेशी चमकल्या. म्हणजे पहिलं जागेवर बसतंय, ग्राही आहे. रंग तेवढा मेलाय; तो उजेडात मरतो. कुणीतरी फॉइल काढून कुपी उजेडात ठेवली."

"हिनेच निष्काळजीपणा केला असेल!" दादा म्हणाला.

"मग तीस मायक्रोलिटर कुठे गेलं? कुपी मारणाऱ्याने आधी स्वतःपुरतं काढून ठेवलं. एवढं मोलाचं द्रावण वाया घालवायला संशोधकाचा हात धजत नाही. आणि मिठाच्या पाण्याला अंधार कशाला लागतो हो?"

त्यांनी बटण दाबलं. त्या नळीतल्या थेंबाने पडदा उजळला.

"यंत्रात तुमच्या नावावर अशीच एक चाचणी आहे. पंधरा दिवसांपूर्वीची. तक्रार दहा दिवसांपूर्वीची."

विभागप्रमुखांचा चेहरा पडला. मुलगी पुढे आली.

"ग्राही आहे, हे तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं," यंत्रासमोरच्या स्टुलावर बसत तो खाली मान घालून पुटपुटला. "वीस वर्षं मी उलटं सांगत आलो गं."

तिला त्याची कीव आली नाही, संतापच आला.

"उठा तिथून," ती म्हणाली. "मला पेशी लावायच्या आहेत."